जमिनीतून निघालेले नाणे घासावे काय?

विहीर खणताना, पडक्या वाड्याचा पाया उकरताना किंवा पहिल्या पावसानंतर धुपलेल्या शेताच्या बांधावर एखादे जुने नाणे हाती लागावे, ही आपल्या प्रदेशात काही अपूर्व गोष्ट नव्हे. हजार-दोन हजार वर्षे ज्या भूमीवर बाजार भरले, सैन्ये उतरली आणि यात्रा जमल्या, त्या भूमीने अशी नाणी गिळलेली असणारच. अलीकडे त्यात धातुशोधक यंत्राची भर पडली आहे. या यंत्रातील तारेच्या वेटोळ्यात बदलता विद्युत्प्रवाह खेळविला, की जमिनीतील धातूत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात आणि त्यांची चाहूल यंत्र आवाजाने देते. पूर्वी जे नशिबाने सापडे, ते आता शोधून काढता येते. परंतु नाणे नांगराने वर येवो की यंत्राने, सापडणाऱ्याच्या मनात पहिली इच्छा एकच येते: हे घासूनपुसून लख्ख करावे आणि त्यावर काय आहे ते पाहावे. ही इच्छा स्वाभाविक आहे. ती पुरी करावी किंवा नाही, याचाच विचार येथे करावयाचा आहे.

आमचे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. ज्याच्या हाती नाणे प्रथम लागले त्याने ते घासू नये. घासणे सदासर्वदा वर्ज्य आहे, असे आमचे म्हणणे नाही. ते काम जाणत्याचे आहे आणि त्याची वेळ फार पुढची आहे, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

आपल्या घरांत तांब्यापितळेच्या भांड्यांना चिंच लावण्याची रीत आहे. सणावाराला देवाची उपकरणी राखेने, चिंचेने किंवा लिंबू-मिठाने घासली, की घर कसे उजळून निघते! स्वच्छतेचा हा संस्कार चांगलाच आहे. पण भांडे आणि नाणे यांत एक मूलभूत भेद आहे. भांड्याचे भांडेपण त्याच्या आकारात आहे. पत्र्याचा एक पापुद्रा झिजला तरी घागर घागरच राहते. नाण्याचे नाणेपण मात्र त्याच्या पृष्ठभागावरच्या उठावात आहे. राजाचा मुखवटा, नावाची अक्षरे, टाकसाळीची खूण हे सारे एखाद्या जाड कागदाएवढ्या उंचीच्या थरात सामावलेले असते. तेवढा थर गेला, की उरते ती धातूची चकती. तिला तोळ्याचा भाव आहे. इतिहासाच्या दृष्टीने ती मुकी आहे.

मातीत नाण्याचे काय होते?

वरची हिरवी-काळी घाण काढली, की आत मूळचे नाणे जसेच्या तसे बसलेले असेल, अशी आपली समजूत असते. बहुधा ती खोटी ठरते.

तांब्याचे नाणे ओलसर मातीत पडले, की हवा, पाणी आणि मातीतील क्षार यांच्याशी त्याचा संयोग होऊ लागतो. प्रथम तांब्याचा तांबूस प्राणिद तयार होतो. त्याच्यावर हिरव्या कार्बोनेटाचे पुट चढते. या पुटालाच आपण जंगाल म्हणतो. आता ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हे पुट बाहेरून येऊन बसलेले नसते. नाण्याचेच तांबे त्यात खर्ची पडलेले असते. धातू आतल्या बाजूने कुरतडला जातो आणि त्याची जागा हे नवे पदार्थ घेतात. ते घेताना मूळ पृष्ठभागाचा आकार ते पुष्कळदा हुबेहूब जपून ठेवतात. म्हणजे शंभरांतल्या कितीतरी नाण्यांच्या बाबतीत अक्षरे धातूत उरलेलीच नसतात. ती जंगालाच्या थरात असतात. लाकूड कुजून जावे आणि सालीवर कोरलेले नाव तेवढे उरावे, तसा हा प्रकार आहे. अशा नाण्याची ‘घाण’ काढणारा मनुष्य त्यावरील लेखच काढून टाकीत असतो.

चिंचेत आणि लिंबात आम्ल असते. ते या हिरव्या पुटाला विरघळविते. दहा मिनिटांत नाणे गुलाबी-तांबडे दिसू लागते आणि घासणाऱ्यास मोठा आनंद होतो; परंतु भिंगाखाली पाहिले तर पृष्ठभाग देवीच्या व्रणांसारखा खड्ड्याखड्ड्यांचा झालेला आढळतो. रांगोळी, राख किंवा ब्रश यांची कथाही वेगळी नाही. मातीतील वाळूचे कण गारगोटीच्या जातीचे असतात आणि गारगोटी तांबे, चांदी व सोने या तिन्हींहून कठीण आहे. म्हणून माती लागलेले नाणे नुसते दोन बोटांत चोळले तरी त्यावर बारीक ओरखडे उठतात. काथ्याने खसखसून घासणे म्हणजे तर त्यावर कानस चालविणेच होय.

मिठाचा दोष याहून गंभीर आहे. तांब्याच्या आणि काशाच्या जुन्या वस्तूंना एक व्याधी जडते. तिला तज्ज्ञ ‘कांस्यरोग’ म्हणतात. धातूच्या सांदीत क्लोराइड क्षार शिरून बसलेले असले, की हवेतील ओलावा आणि प्राणवायू यांच्या साहाय्याने फिकट हिरवी भुकटी तयार होते आणि तिच्याबरोबर हायड्रोक्लोरिक आम्लही निर्माण होते. ते आम्ल आतले तांबे पुन्हा खाते, पुन्हा तेच क्षार होतात, आणि हे चक्र धातू संपेपर्यंत चालू राहते. हवेची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत ठेवली तर हा रोग निपचित पडून राहतो. पण कोकणात पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्याही वर असते. अशा हवेत लिंबू-मीठ लावून नाणे घासणे म्हणजे रोगाचे बी आपल्याच हाताने पेरणे होय. दिवाळीत चकचकीत केलेले नाणे पुढच्या श्रावणात हिरवी भुकटी टाकू लागले, तर त्यात नवल काय?

चांदी, शिसे आणि सोने

चांदीचे नाणे काळे पडते ते मुख्यतः गंधकामुळे. मातीत क्षार असतील तर त्यावर चांदीच्या क्लोराइडाचा करडा, ठिसूळ थरही जमतो. शिवाय जुन्या चांदीत तांब्याची भेसळ असेल तर ते तांबे बाहेर झिरपून चांदीच्या नाण्यालाही हिरवे पुट येते. सोनाराकडे नाणे ‘उजळून’ घेतले, म्हणजे तापवून आम्लात घातले, की तांबे विरघळून जाते आणि उरलेली चांदी भुसभुशीत होते. त्याबरोबर वजनही घटते. नाण्याच्या वजनावरून त्या काळचे तोलमान ठरवितात, चलनात हिणकसपणा केव्हा शिरला हे ओळखतात. क्षहरात क्षत्रप नहपान याचे चांदीचे नाणे अवघे दोन ग्रॅमच्या आसपास भरते. त्यातून उजळण्याच्या भरात एक पंचमांश ग्रॅम जरी गेला, तरी दहावा हिस्सा पुरावा नष्ट झाला असे समजावे.

शिशाच्या नाण्यांची गोष्ट आपल्यास विशेष जवळची, कारण सातवाहनांनी शिशाची नाणी मोठ्या प्रमाणावर पाडली. शिसे मऊ, नखानेही त्यावर ओरखडा उठतो. व्हिनेगर तर त्याचा वैरीच आहे. पूर्वी रंगासाठी लागणारा सफेता तयार करावयाचा तर शिशाच्या पट्ट्या व्हिनेगरच्या वाफेत ठेवीत. काही आठवड्यांत शिसे पांढरे पीठ होऊन जाई. शिशाचे नाणे ‘साफ’ करण्यासाठी व्हिनेगरमध्ये बुडविणारा मनुष्य न कळत सफेत्याचा कारखानाच घालीत असतो! काही लाकडांतून आणि पुठ्ठ्यांतून निघणाऱ्या आम्लवाफाही शिशाला असाच अपाय करतात. म्हणून अशी नाणी लाकडी पेटीत जपून ठेवणे हे जपणे ठरत नाही. त्याशिवाय शिशाची पांढरी पूड विषारी आहे, हे मुलाबाळांच्या घरात विसरता कामा नये.

राहता राहिले सोने. सोन्याला गंज नाही. त्यावरील सैल माती डिस्टिल्ड पाण्यात नाणे नुसते बुडवून निघत असेल तर निघू द्यावी. मात्र ते चोळू नये, कारण शुद्ध सोने फार मऊ आहे. सर्व धातूंत एवढीच काय ती सवलत.

दोन ठेव्यांची साक्ष

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, की एखाद्या झिजक्या चकतीसाठी एवढा उपचार कशाला? त्याला आमचे उत्तर महाराष्ट्राच्याच मातीतून देता येईल.

सन १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा एक मोठा ठेवा निघाला. त्यात १३,२५० हून अधिक नाणी होती आणि ती सर्व नहपानाची होती. एका बाजूला राजाचे मुख, त्याभोवती ग्रीक लिपीतील अक्षरे. दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी या लिपींतील लेख. परंतु खरी नवलाई पुढेच आहे. त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. पराभूत राजाच्या मुखावर विजेत्याचा पर्वत आणि त्याचे चिन्ह उमटले होते. गौतमीपुत्राने क्षहरातांचा वंश निखंदून काढला, असे नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख सांगतोच. पण शिलालेख हा राजकुळाने लिहविलेला असतो, त्यात स्तुती असावयाचीच. या नाण्यांनी ती स्तुती पोकळ नाही हे सिद्ध केले. ज्या नाण्यावर शत्रूचे मुख आहे तेच गोळा करून त्यावर आपली मुद्रा मारणे, याहून बोलका पुरावा कोणता?

आता कल्पना करा. दुसऱ्या ठशाखाली दबलेला पहिला ठसा किती पुसट असेल! नाकाची एखादी रेषा, ग्रीक अक्षराचा एखादा पाय, एवढेच कित्येक नाण्यांवर शिल्लक असणार. घासण्याला प्रथम बळी पडतात त्या याच रेषा. ठळक असते ते टिकते, पुसट असते ते जाते. आणि येथे तर सगळा अर्थ त्या पुसट रेषांतच होता. वरचा ठसा तेवढा उरला असता तर ती गौतमीपुत्राची साधी नाणी ठरली असती आणि नहपानाच्या पराभवाचा हा साक्षीदार मुका झाला असता.

दुसरा ठेवा वऱ्हाडातला. आजच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सातवाहनांची सुमारे दीड हजार नाणी सापडली. ती पोटीन या तांबे, शिसे व कथील यांच्या मिश्र धातूची होती. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी अशी नावे पुढे आली. ही नावे पुराणांतील राजवंशांच्या याद्यांत आढळत नाहीत. एकेका राजाचे अस्तित्व असे दोन-तीन अक्षरांवर लोंबकळत असते. ‘कुंभ’ आणि ‘कर्ण’ यांतला फरक नाण्यावर केवढा? अर्ध्या जवाएवढा! तो चिंचेने धुऊन गेला, तर एक राजा इतिहासातून कायमचा वजा होतो, आणि वजा झाला हे कोणाला कळतही नाही.

पृष्ठभागाप्रमाणेच नाण्याच्या सोबतीला आलेली मातीही बोलकी असते. पुरचुंडीत बांधून पुरलेल्या नाण्यांच्या पुटात कधीकधी त्या कापडाची वीणसुद्धा उमटून राहते. नाणी कोणत्या भांड्यात, किती खोल, कोणत्या क्रमाने होती हेही महत्त्वाचे असते. या बाबतीत इंग्लंडातले एक उदाहरण पाहण्याजोगे आहे; कारण धातुशोधक यंत्राचा छंद त्या देशात फार रुजलेला आहे. एप्रिल २०१० मध्ये सॉमरसेट परगण्यातील फ्रोम या गावाजवळ एका हौशी शोधकाच्या यंत्राने चाहूल दिली. थोडे उकरताच त्याला मडके आणि नाणी दिसली. तेथेच त्याने हात आवरला आणि पुराणवस्तुतज्ज्ञांना बोलाविले. त्यांनी ते मडके थरांथरांनी रिकामे केले. आत तिसऱ्या शतकातील रोमन अमदानीची ५२,५०३ नाणी निघाली. वजन १६० किलो! ब्रिटनमध्ये बंड करून सम्राट म्हणविणारा कॅरॉसियस हा त्यांतल्या शेवटच्या राज्यकर्त्यांपैकी. त्याची बहुतेक नाणी मडक्याच्या वरच्या नव्हे, तर खालच्या अर्ध्या भागात होती. सगळ्यांत नवी नाणी तळाकडे कशी गेली? याचा अर्थ हा ठेवा वर्षानुवर्षे थोडाथोडा साठविलेला नव्हता. तो एकाच वेळी ओतलेला असला पाहिजे, असा तर्क संशोधकांस करता आला. त्या मनुष्याने सारी नाणी घरी नेऊन बादलीत धुतली असती, तर नाणी तेवढीच राहिली असती. हे ज्ञान मात्र बादलीतल्या पाण्याबरोबर वाहून गेले असते.

काही आक्षेप

मग संग्रहालयांतली नाणी इतकी स्वच्छ कशी, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. ती साफ केलेलीच असतात. परंतु तेथे प्रथम वजन व छायाचित्रे घेतात, धातू कोणता आणि रोग आहे किंवा नाही हे तपासतात. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक पात्याने, मूळ पृष्ठभाग जेथे लागतो तेथपर्यंतच पुट उतरवितात आणि तेथे थांबतात. कोठे थांबावयाचे हे कळणे, हीच त्यांची विद्या. क्ष-किरणांनी पुटाखालचा लेख न घासताही वाचता येतो, तेव्हा तर कित्येकदा साफ करण्याचे कारणच उरत नाही. कांस्यरोग जडलेल्या नाण्यावर उपचार अवश्य करावे लागतात. पण तेही वैद्याने, शेजाऱ्याने नव्हे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: चकचकीत नाण्याला किंमत जास्त येते. वस्तुस्थिती उलट आहे. जाणते संग्राहक घासलेले नाणे लांबूनच ओळखतात आणि त्याला कमी लेखतात. साध्या शिवराईचे पाहा. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ या अक्षरांच्या वळणांत, ओळींच्या मांडणीत कितीतरी प्रकार आहेत. गडद हिरव्या, गुळगुळीत पुटातून ती अक्षरे स्पष्ट दिसत असतील तर ती शिवराई तशीच सुंदर आहे. देव्हाऱ्यात पिढ्यान् पिढ्या पूजेत असलेल्या नाण्यांबद्दल मात्र आमचे काही म्हणणे नाही. ती श्रद्धेची वस्तू आहे. तिची झीजही त्या घराच्या इतिहासाचाच भाग होय.

तर मग करावे काय?

नाणे सापडले तर ते कडेने धरावे, चोळू नये. प्रत्येक नाणे वेगळ्या, शाई नसलेल्या कागदाच्या पाकिटात घालावे. शिशाचे असेल तर कागद-पुठ्ठ्याऐवजी झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावे. ओलसर असेल तर सावलीत आपोआप सुकू द्यावे. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी. पाकिटावर तारीख, गाव, शेताचा गट क्रमांक, खोली आणि सोबत आढळलेले खापर, कोळसा, विटा यांची नोंद करावी. एकाहून अधिक नाणी किंवा भांडे दिसले तर खणणे तेथेच थांबवावे.

त्यानंतर प्रश्न येतो कायद्याचा. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी अधिनियम आहे. जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास, आणि तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असल्यास, सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविले पाहिजे, असे तो सांगतो. ठेव्याचा कोणी मालक निघाला नाही, तर सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हिस्सा त्यात ठरवून दिलेला आहे. सरकारने वस्तू स्वतःकडे घेतली तर मोबदल्याचीही तरतूद आहे. लपवून ठेवणाऱ्याचा हिस्सा जातो आणि शिक्षाही होऊ शकते. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू असून ते खाजगी रीत्या परदेशी नेता येत नाही. संरक्षित किल्ले, लेणी आणि स्मारके यांच्या आवारात तर परवान्याशिवाय खणणेच निषिद्ध आहे. तेथे यंत्र घेऊन हिंडणाऱ्यास हौशी म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय.

कळविण्याची भीती लोकांना वाटते, हे आम्ही जाणतो. कचेरीचे हेलपाटे आणि आपली वस्तू परत मिळेल की नाही ही शंका, या गोष्टी अगदीच निराधार आहेत असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु कळविण्यास जो कचरतो, त्यानेही निदान घासण्यास कचरावे. उशिरा कळविलेले नाणे वाचता येते. घासलेले नाणे कितीही तत्परतेने कळविले तरी वाचता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून सामान्य लोकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद करण्याची व्यवस्था सुरू आहे आणि दहा लाखांहून अधिक वस्तू तिच्यात नोंदल्या गेल्या आहेत. त्या बहुतेक इतिहासकारांनी नव्हे, साध्या माणसांनी आणून दाखविल्या. आपल्याकडे नाशिकजवळ अंजनेरी येथे नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली संशोधनसंस्था आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्तूंच्या जतनाची प्रयोगशाळा आहे. पुण्याचे डेक्कन कॉलेजही पुरातत्त्वाच्या अभ्यासाचे जुने केंद्र आहे. जाणत्यांची उणीव आहे ती नव्हे. नाणे त्यांच्यापर्यंत न घासता पोहोचणे, ही उणीव आहे.

नाणे घासले नाही म्हणून त्याचे काहीही बिघडत नाही. उद्या, परवा, दहा वर्षांनीही ते जाणत्याकडून साफ करून घेता येईल. घासलेले नाणे मात्र परत पूर्ववत करण्याचा उपाय आजवर कोणाला सापडलेला नाही. दोन्ही पारडी अशी समोर असताना चिंचेकडे जाणारा हात क्षणभर आवरावा, एवढीच या लेखाची विनंती आहे.